कामावर मृत्यू, ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) आणि कलम ५३ : मालकाची जबाबदारी खरोखर संपते का?

कागल तालुका (प्रश्न)

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत नऊ वर्षे कामाला होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, वाळू कालवण्याच्या मिक्सरमध्ये चिकटून बसलेली वाळू खरवडण्यासाठी ते आत उतरले आणि ते आत असतानाच मिक्सर सुरू झाला. त्या दिवशी विजेच्या पॅनेलची दुरुस्ती चालू होती आणि त्यासाठी बाहेरच्या एका एजन्सीचा इलेक्ट्रिशियन आलेला होता, एवढे त्यांच्या सोबतच्या कामगारांनी आम्हांला सांगितले. दाजींचे वय ३८ होते. मुलगी तेरा वर्षांची आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा.

दाजींची हजेरी फौंड्रीच्या नव्हे, तर ठेकेदाराच्या मस्टरवर होती. पगार महिन्याला १८,५०० रुपये होता, पण त्यांतले १२,५०० बँकेत जमा होत आणि ६,००० रोख हातात मिळत. पगाराची चिठ्ठी कधीच मिळाली नाही. तेराव्यानंतर दोन दिवसांनी ठेकेदार आणि कंपनीचे एक अधिकारी घरी आले. त्यांनी दोन लाखांचा धनादेश आणि मुद्रांकावर टंकलिखित केलेला एक कागद पुढे ठेवला. ‘कामगाराला ई.एस.आय. लागू असल्यामुळे कलम ५३ प्रमाणे कंपनी कोणत्याही कायद्याखाली एक रुपयाही देणे लागत नाही, कोर्ट तुमचा दावा दाखलच करून घेणार नाही, ही रक्कम केवळ माणुसकी म्हणून देत आहोत, ती स्वीकारून यापुढे आमची कोणतीही तक्रार नाही असे लिहून द्या’ असे त्यांचे म्हणणे होते. ताईने तेव्हा सही केली नाही. पुढे चौकशी केल्यावर आम्हांला कळले की दाजींचा ई.एस.आय. क्रमांक १७ ऑक्टोबरला, म्हणजे मृत्यूनंतर तीन दिवसांनी, काढलेला आहे आणि त्यात पगार १२,५०० दाखवलेला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. मालकाच्या हलगर्जीपणामुळे माणूस गेला, तरी ई.एस.आय. आहे एवढ्या कारणावरून मालकावर दावाच करता येत नाही, हे खरे आहे का? आणि मृत्यूनंतर केलेल्या नोंदणीचा आधार घेऊन मालकाला असे म्हणता येते का? ताई रोज रात्री एकच विचारते, की मग माझ्या माणसाच्या मरणाला जबाबदार कोण. तिला काय उत्तर द्यावे हे मला समजत नाही.

उद्यमनगरचा वाचक

आपल्या कुटुंबावर जे ओढवले ते वाचून फार वाईट वाटले. माझ्या माहितीप्रमाणे कामगार न्यायालयात १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज केला की चौदा-पंधरा लाख रुपये मिळतात. शिवाय ई.एस.आय.ची पेन्शन वेगळी मिळते आणि दिवाणी न्यायालयात हलगर्जीपणाचा दावा आणखी वेगळा करता येतो. नोंदणी तर मृत्यूनंतरची आहे, म्हणजे ती बोगसच ठरेल आणि ई.एस.आय.चा प्रश्नच उरणार नाही. तिन्ही ठिकाणी अर्ज करून टाका, असे मी सुचवेन.

कामगार वकील, कोल्हापूर

वरील सल्ला आपुलकीने दिलेला आहे, याविषयी मला शंका नाही, पण त्या मार्गाने गेल्यास आपल्या बहिणीची दोन-तीन वर्षे वाया जातील आणि तोवर ज्या लाभावर तिचा निर्विवाद हक्क आहे तो लांबणीवर पडेल. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम कलम ५३ विषयी. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ च्या या कलमाप्रमाणे, विमाधारक कामगाराला कामामुळे इजा झाली तर तो किंवा त्याचे अवलंबित त्या इजेबद्दल १९२३ च्या कायद्याखाली, दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली किंवा अन्य कोणत्याही प्रकारे, मालकाकडून अथवा मालकाच्या नोकराकडून भरपाई वसूल करू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ए. त्रेहान यांच्या प्रकरणात १९२३ च्या कायद्याखालील अर्ज या कलमामुळे चालू शकत नाही असे ठरवले. पुढच्याच वर्षी वेस्टर्न इंडिया प्लायवूड विरुद्ध पी. अशोकन या प्रकरणात मालकाच्या हलगर्जीपणाबद्दलचा दिवाणी दावाही या बंदीत येतो असा निर्णय झाला. ‘किंवा अन्य कोणत्याही प्रकारे’ या शब्दांची व्याप्ती न्यायालयाने मोठी धरली आहे. त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पैशाच्या भरपाईपुरते आणि मालकापुरते त्या अधिकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. हलगर्जीपणा कितीही गंभीर असला तरी आपल्याकडे या कलमाला अपवाद नाही. मला हे कायद्यातील व्यंग वाटते आणि ते मी उघडपणे म्हणतो, पण न्यायालयात आजचा कायदा हाच आहे.

आता मृत्यूनंतरच्या नोंदणीविषयी. येथे आपला समज आणि वरील वाचकांचा समज या दोन्हींत दुरुस्ती हवी. कायद्यात विमाधारक म्हणजे ज्याच्याबाबत वर्गणी ‘देय आहे किंवा होती’ असा कर्मचारी. ‘भरली आहे’ असे कायदा म्हणत नाही. कारखान्याला कायदा लागू असेल आणि कामगाराचे वेतन मर्यादेच्या आत असेल, तर तो कामावर रुजू झाला त्या दिवसापासून विमाधारक असतो. ही मर्यादा सध्या दरमहा २१,००० रुपये आहे, आणि ती पाहताना ओव्हरटाइमची रक्कम धरत नाहीत. भारगथ इंजिनिअरिंग विरुद्ध आर. रंगनायकी (२००३) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालकाची नोंदणीतील किंवा वर्गणीतील दिरंगाई गैरलागू ठरवली आणि कुटुंबाचा हक्क ई.एस.आय.कडेच आहे असे सांगितले. याचे दोन अर्थ होतात. कामगार न्यायालयात जाण्याचे दार या कारणाने उघडत नाही, हा एक. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे : ‘नोंदणी उशिरा झाली म्हणून लाभ देता येत नाही’ असे ई.एस.आय. महामंडळही आपल्या बहिणीला सांगू शकत नाही. कामावरील इजेच्या लाभासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी कोणतीही अट नाही. कलम ६८ प्रमाणे महामंडळ कुटुंबाला पूर्ण लाभ देऊन त्याचा भार मुख्य मालकाकडून वसूल करू शकते. मुख्य मालक म्हणजे येथे फौंड्री, कारण कलम ४० प्रमाणे ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी तिचीच आहे.

रकमांचा हिशेब मांडतो, कारण ‘एकरकमी चौदा लाख’ हा आकडा लोकांच्या डोळ्यांपुढे सतत असतो. १९२३ चा कायदा लागू असता, तर मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या निम्म्याला वयाच्या गुणकाने गुणून निघाली असती. त्यासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० धरले जाते आणि ३८ व्या वर्षाचा गुणक १८९.५६ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १८९.५६, एकूण १४,२१,७०० रुपये. ई.एस.आय.मध्ये अवलंबितांना सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने हिशेब करून दरमहा रक्कम मिळते. १८,५०० वर ती सुमारे १६,६५० होते. हा पैसा साधारण सात वर्षे आणि एका महिन्यात त्या एकरकमी रकमेइतका होतो आणि त्यानंतरही चालूच राहतो : पत्नीला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत, मुलीला लग्नापर्यंत. महागाईनुसार महामंडळ त्यात वेळोवेळी वाढही करते. वाटणी अशी होते : पत्नीचा हिस्सा तीनपंचमांश आणि प्रत्येक मुलाचा दोनपंचमांश धरतात, बेरीज पूर्ण दरापेक्षा जास्त झाली की सर्व हिस्से प्रमाणात कमी होतात. त्यामुळे आपल्या बहिणीच्या घरात तिला तीनसप्तमांश आणि दोन्ही मुलांना दोन-दोन सप्तमांश मिळतील. म्हणून ई.एस.आय. म्हणजे नुकसान, असे मनात धरू नका.

खरे नुकसान कोठे आहे ते आता सांगतो. पगार १२,५०० दाखवला तर मासिक लाभ सुमारे ११,२५० होतो. म्हणजे दर महिन्याला ५,४०० रुपये, मुले मोठी होईपर्यंत आणि बहीण म्हातारी होईपर्यंत, नाहीसे होतात. आपली खरी लढाई या आकड्याविषयी आहे. रोख दिलेल्या सहा हजारांचा पुरावा आजपासून गोळा करा : दाजींच्या वहीतील नोंदी, मोबाईलमधील संदेश, सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रे, बचत गटाचे हप्ते, किराणा दुकानदाराचे खाते, जे काही मिळेल ते सर्व. शाखा कार्यालयात अवलंबित लाभाचा अर्ज करताना खरे वेतन लेखी नमूद करा आणि वेतनाची चौकशी करण्याची मागणी त्याच अर्जात करा. महामंडळाने मान्य केले नाही, तर ई.एस.आय. न्यायालयात दाद मागता येते. त्यापुढचे अपील उच्च न्यायालयात होते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाल्यामुळे त्यासाठीही मुंबईला जावे लागत नाही. लाभाचा अर्ज बारा महिन्यांच्या आत करावा. अंत्यविधीच्या १५,००० रुपयांच्या अर्जाची मुदत मात्र मृत्यूपासून तीन महिन्यांची आहे. ती जानेवारीच्या मध्यास संपते.

त्या मुद्रांकावर सही करू नये. आपल्या प्रकरणात १९२३ चा कायदा लागू नसला, तरी त्यातील दोन तरतुदी सर्वांनी माहीत करून घ्याव्यात, कारण आपल्या भागात बिगर ई.एस.आय. कामगारांच्या घरी हाच कागद नेला जातो. त्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. कुटुंबाच्या हातात थेट दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाई म्हणून धरले जात नाहीत. आणि हक्क सोडून देण्याचा कोणताही करार कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे. अपघातानंतर महिन्याच्या आत रक्कम जमा झाली नाही, तर १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही बसतो. मृत्यूच्या प्रकरणात ‘कामगार दारू प्यालेला होता’ किंवा ‘त्याने सूचना मोडली’ हा बचाव तो कायदा ऐकून घेत नाही.

निवृत्त सुरक्षा अधिकारी

वकील साहेबांनी पैशाची बाजू समजावली आहे. मी यंत्राची बाजू सांगतो, कारण अठ्ठावीस वर्षे मी हेच काम केले आणि वाळूच्या मिक्सरमध्ये माणूस गेल्याची बातमी वाचली की मला आजही झोप लागत नाही.

मिक्सर आतून साफ करणे हे फौंड्रीतील रोजचे काम आहे. ओली वाळू आणि बेंटोनाइट (वाळूत मिसळायची चिकणमाती) पात्याला आणि भिंतीला चिकटते आणि ती हाताने खरवडल्याशिवाय निघत नाही. म्हणूनच त्या यंत्राला दोन गोष्टी असाव्या लागतात. झाकण किंवा दार उघडले की मोटरचा पुरवठा आपोआप तुटणारा इंटरलॉक ही पहिली. दुसरी, मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे आणि त्याची किल्ली आत उतरणाऱ्या माणसाच्या खिशात ठेवायची. कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये हे स्पष्ट आहे : वीज तोडणारे साधन चुकून पुन्हा चालू होण्यासारखे असेल, तर ते बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असलीच पाहिजे. कुलपाला खर्च किती येतो हे सर्वांना माहीत आहे. पॅनेलवर दुरुस्ती चालू असताना माणूस आत उतरवला जातो, तेव्हा तर या कुलपाचे महत्त्व दसपट होते, कारण पॅनेलजवळच्या माणसाला मिक्सरमधला माणूस दिसत नसतो.

प्राणघातक अपघाताची सूचना कलम ८८ प्रमाणे कारखान्याने द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून एका महिन्यात चौकशी व्हावी लागते. कोल्हापुरातील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करून चौकशीचा अहवाल, छायाचित्रे आणि नोंदवलेले जबाब मागा. दहा रुपयांचा अर्ज असतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जात इंटरलॉकचा आणि कुलपाचा उल्लेख नावानिशी करा. नुसता ‘अपघाताचा अहवाल’ मागितला तर पुष्कळदा पानभर मजकूर हाती येतो आणि त्यात कामगाराच्याच चुकीचा उल्लेख असतो. अपघातानंतर लगेच इंटरलॉक बसवलेले यंत्र मी स्वतः पाहिलेले आहे. म्हणून आतल्या कामगारांना विचारून, अपघाताच्या दिवशी ते होते की नव्हते, हे आधी लिहून ठेवा.

आणखी एक. कारखाने अधिनियमाखालील फिर्याद फक्त निरीक्षकाला किंवा त्याच्या लेखी पूर्वसंमतीनेच करता येते आणि गुन्हा त्याच्या लक्षात आल्यापासून तीन महिन्यांत ती करावी लागते. डिसेंबर चालू आहे. उद्याच्या उद्या लेखी अर्ज देऊन, फिर्याद दाखल झाली आहे का, हे विचारा.

गोकुळ शिरगावचा लघुउद्योजक

माझी स्वतःची चाळीस माणसांची फौंड्री आहे, त्यामुळे मी मालकाच्या बाजूचा माणूस आहे असे समजून वाचावे.

कलम ५३ आम्हांला संरक्षण देते हे खरे आहे आणि त्यासाठी आम्ही वर्गणी भरतो : २०१९ च्या जुलैपासून मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का. या संरक्षणाचा आधार हाच आहे, की वर्गणी प्रामाणिकपणे आणि खऱ्या पगारावर भरली जाईल. १८,५०० ऐवजी १२,५०० दाखवल्यामुळे मालकाचे महिन्याला वाचतात १९५ रुपये. वकील साहेबांनी दाखवल्याप्रमाणे त्याच फरकामुळे एका विधवेच्या घरातून महिन्याला ५,४०० रुपये जातात. हा हिशेब मी माझ्या मुलाला वहीवर मांडून दाखवला, कारण पुढे कारखाना त्याला चालवायचा आहे. मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी क्रमांक काढणाऱ्याने कायद्याच्या संरक्षणाविषयी विधवेच्या दारात जाऊन बोलावे, हे मला सहन होत नाही.

ठेकेदारांबद्दलही लिहितो. ‘मस्टर त्यांचा, जबाबदारी त्यांची’ असे आमच्यातले अनेक जण समजतात. मी दर महिन्याला ठेकेदाराच्या बिलासोबत ई.एस.आय. आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने आणि नावांची यादी घेतल्याशिवाय पैसे सोडत नाही. त्याला दहा मिनिटे लागतात.

ह्यूस्टनस्थित कोल्हापूरकर

मी मूळचा शाहूपुरीतला आहे आणि येथे टेक्ससमध्ये विमा क्षेत्रात काम करतो. हा प्रश्न जगभर कसा आला याविषयी थोडे लिहितो, कारण ‘मालकावर दावाच नाही’ हे ऐकून कुटुंबाला जो धक्का बसतो तो येथेही मी पाहिलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कामगाराला मालकावर दावा करता येत असे, पण जिंकता क्वचितच येई. १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या निकालापासून, सहकामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असे तत्त्व रूढ झाले. १८९७ च्या इंग्लंडमधील कायद्याने आणि पुढे १९११ पासून अमेरिकेतील राज्यांच्या कायद्यांनी दोष कोणाचा हे न पाहता ठरावीक भरपाई देण्याची पद्धत आणली. त्याच वर्षी २५ मार्चला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागून १४६ कामगार मरण पावले आणि या कायद्यांची निकड सर्वांना पटली. हा एक सौदा होता. कामगाराने खटल्याचा हक्क सोडायचा आणि त्याबदल्यात त्याला खात्रीची, लवकर मिळणारी रक्कम मिळायची. भारतातला १९२३ चा कायदा त्याच परंपरेतला आहे.

पण सौद्याच्या कडा सगळीकडे सारख्या नाहीत. टेक्ससमध्ये खासगी मालकाला ही विमा योजना न घेण्याचीही मोकळीक आहे. मात्र ज्याने ती घेतली नाही, त्याच्यावर कामगार थेट हलगर्जीपणाचा दावा करू शकतो आणि ‘कामगाराचीही चूक होती’ असले जुने बचाव त्या मालकाला मिळत नाहीत. ज्याने विमा घेतला आहे त्याला दाव्यापासून संरक्षण आहे, पण कामगाराचा मृत्यू मालकाच्या घोर हलगर्जीपणामुळे झाला असेल, तर पती, पत्नी आणि वारसांना दंडात्मक भरपाईचा दावा करण्याचा हक्क राज्यघटनेनेच राखून ठेवला आहे. वकील साहेबांनी ज्याला व्यंग म्हटले ते नेमके हेच : आपल्या कलम ५३ मध्ये मृत्यूसाठी असे एकही दार ठेवलेले नाही. कुलूप न लावणारा मालक आणि सर्व काळजी घेऊनही दुर्दैवाने अपघात झालेला मालक, या दोघांना त्या कलमापुढे सारखीच वागणूक मिळते.

कागल तालुका (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार मानतो. वकील साहेबांना दोन गोष्टी आणखी विचारतो. पोलिसांनी सध्या आकस्मिक मृत्यूची नोंद केलेली आहे, गुन्हा नोंदवलेला नाही. कलम ५३ मुळे फौजदारी कारवाईही थांबते का? आणि तो बाहेरच्या एजन्सीचा इलेक्ट्रिशियन, त्याच्यावरही काही करता येत नाही का? नोव्हेंबरपासून नवे कामगार कायदे आले असे ऐकतो, त्यांचा दाजींच्या प्रकरणाशी संबंध आहे का?

कामगार वकील, कोल्हापूर

कलम ५३ फौजदारी कारवाईच्या आड येत नाही. ते फक्त भरपाईची वसुली थांबवते. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत होण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे आणि १ जुलै २०२४ पासून त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आहे. पूर्वीच्या दंड संहितेत ती दोन वर्षे होती. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिच्यासोबत निवृत्त अधिकाऱ्यांनी सांगितलेले इंटरलॉकचे आणि कुलपाचे मुद्दे जोडा. कोणी नेमका आदेश दिला, पर्यवेक्षक कोण होता, पॅनेलवर कोण होते, ही नावे तक्रारीत यावीत. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

इलेक्ट्रिशियनविषयीचा आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि पहिल्या उत्तरात मी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. कलम ५३ मालकाला आणि मालकाच्या नोकराला संरक्षण देते. स्विच फौंड्रीच्या कामगाराने चालू केला असेल तर त्याच्यावरही भरपाईचा दावा होत नाही. पण तो बाहेरच्या, स्वतंत्र एजन्सीच्या माणसाने चालू केला असेल, तर ती एजन्सी मालकही नाही आणि मालकाची नोकरही नाही. मिक्सरच्या रचनेतच दोष असेल, तर त्याच्या उत्पादकाबाबतही तेच. अशा तिऱ्हाइतावर १८५५ च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली दिवाणी दावा करता येतो आणि त्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. हा दावा सोपा नाही. एजन्सीचा करार काय होता, स्विच कोणी लावला, आत माणूस आहे हे तिला सांगितले होते का, यावर सर्व अवलंबून आहे. म्हणून तो आज दाखल करण्यापेक्षा चौकशी अहवाल आणि पोलिसांचे जबाब हाती आल्यावर निर्णय घ्या, पण ऑक्टोबर २०२७ ही तारीख डोळ्यांपुढे ठेवा.

नव्या कायद्यांविषयी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत, सुरक्षेचे कर्तव्य मोडल्यामुळे मृत्यू झाला तर किमान पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे आणि दंडाच्या निम्म्यापेक्षा कमी नसलेली रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. जुन्या कारखाने अधिनियमात, यंत्रसुरक्षेचे नियम मोडून मृत्यू झाला तरी दंडाची खालची मर्यादा अवघी पंचवीस हजार रुपये होती आणि वरची एक लाख, सोबत दोन वर्षांपर्यंत कैद. दाजींचा अपघात १४ ऑक्टोबरचा आहे. दायित्व अपघाताच्या दिवशीच निर्माण होते, हे तत्त्व प्रताप नारायण सिंह देव यांच्या १९७६ च्या निकालापासून पक्के आहे आणि शिक्षेची नंतर वाढवलेली तरतूद मागे जाऊन लागू होत नाही. त्यामुळे आपल्याला जुनाच कायदा लागू राहील. आठवडे पाचच कमी पडले, याची मला खंत वाटते.

ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी हे कलम ५३ च्या बाहेर आहेत. मृत्यूमुळे सेवा संपली असेल तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट नसते. दाजींची तर नऊ वर्षे झालेली होती. भविष्यनिर्वाह निधीचे खाते होते का ते तपासा. असेल, तर त्यासोबतच्या विमा योजनेतून कमाल सात लाख रुपयांपर्यंत रक्कम आणि पत्नी-मुलांना वेगळे निवृत्तिवेतन मिळते. खाते नसेल आणि असायला हवे होते, तर तीही तक्रार करा.

कागल तालुका (प्रश्नकर्ता)

आज ताईला घेऊन ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात गेलो. अवलंबित लाभाचा आणि अंत्यविधी खर्चाचा असे दोन्ही अर्ज दिले आणि पगार १८,५०० लिहून, वेतनाची चौकशी करावी अशी मागणी त्यातच केली. पोहोच घेतली. दाजींच्या शर्टाच्या खिशात असायची ती छोटी वही सापडली आहे. तिच्यात गेल्या चार वर्षांचा दर महिन्याचा ‘बँक’ आणि ‘हातात’ असा हिशेब त्यांच्या अक्षरात आहे. तिच्या छायाप्रती जोडल्या. सुरक्षा संचालनालयाला माहिती अधिकाराचा अर्ज आणि निरीक्षकांना स्वतंत्र पत्र दिले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या दोघांनी, मिक्सरला कधीच कुलूप लावले जात नव्हते, असे लिहून द्यायची तयारी दाखवली आहे. त्यांची नोकरी जाऊ नये म्हणून ते कोठे आणि कसे नोंदवावे, एवढे वकील साहेबांना प्रत्यक्ष भेटून विचारायचे आहे. दोन लाखांचा धनादेश पोच देय टपालाने परत पाठवला. सोबतच्या पत्रावर ताईने स्वतःच्या हाताने सही केली.